दुखण्याचा आकडा

आई,

आज आमोण्याला जाऊन आले आणि येताना बसमध्ये सगळ्या वाटेवर तुझ्याशी भांडत होते. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण भांडायला मला अजून दुसरं माणूस मिळालेलं नाही. कंडक्टरनं दोनदा विचारलं कुठे उतरणार म्हणून, आणि मी त्याच्या अंगावर ओरडले. तो बिचारा पुढे गेला. घरी आले, पाय धुतले, आणि तुझ्या खाटेजवळच्या जनेलाखाली मेज ओढून बसले आहे. खाट आता नाही. जनेलाचं एक दार अजून तसंच अडकतं, खालून उचलून धरल्याशिवाय लागत नाही. मी आता एक्कावन्न वर्षांची आहे, तू गेलीस तेव्हाच्या तुझ्यापेक्षा फक्त सात वर्षांनी लहान. नर्सची नोकरी वेळेआधी सोडली आणि आता घरोघर फिरून प्रश्न विचारायचं काम करते. तू असतीस तर म्हणाली असतीस, लोकांच्या घरात जाऊन चौकशा करतेस, लाज नाही वाटत? वाटते. आज फार वाटली, म्हणून लिहायला बसले.

तुला ती चवथ आठवते का? मी आठ वर्षांची. शेजारच्या काकींकडे गणपतीला गेलो होतो. काकींनी तळलेल्या नेवऱ्यांचं ताट पुढे केलं, घे गो म्हणाल्या, आणि मी दोन उचलल्या, एक या हातात आणि एक त्या. तू तिथे नुसती हसलीस. तुझं ते हसू बघूनच मला कळलं की काहीतरी चुकलं. घरी येऊन तू विळीवर बसलीस, नारळ खोवायला घेतलास, आणि मान वर न करता मला म्हणालीस, "पयल्यांदा इचारल्यार नाय म्हणाचां. दुसऱ्यांदाय नाय. तिसऱ्यांदा इचारल्यार घेवचां." मी रडत रडत विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर? तू खोबऱ्याचा कीस ताटाच्या मध्ये ओढलास आणि म्हणालीस, "मग तेंच्या मनात नाय म्हणान समजाचां." मला तो नियम अन्यायाचा वाटला होता. पण आपल्या वाड्यावर सगळेच तो पाळत होते, कोणी कोणाला शिकवताना दिसत नव्हतं तरी. आणि त्याची दुसरी बाजूही होती, ती मी तुझ्याकडे बघून शिकले. पाहुणे पंगतीला बसले की तू पहिल्यांदा विचारायचीस, दुसऱ्यांदा विचारायचीस, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आधी आत जाऊन डाव तपेल्याच्या तळाला लावून बघायचीस. खाली माशांचं हुमण असेल तरच बाहेर येऊन आग्रह करायचीस. नसेल तर ताक घेऊन यायचीस आणि विषय बदलायचीस. तिसऱ्यांदा विचारलं की वाढावंच लागतं, हे तू तोंडानं कधी म्हणाली नाहीस, पण मी ते कितीतरी वेळा पाहिलं आहे.

मी नर्सिंग पास झाले तेव्हा तू मला मामानं दुबईहून आणलेलं घड्याळ दिलंस. पुरुषी घड्याळ, माझ्या मनगटावर बैलाच्या गळ्यातल्या लोढण्यासारखं दिसायचं, वॉर्डातल्या मुली हसायच्या. पण त्याला सेकंदाचा काटा मोठा होता, आणि तू कुठून तरी ऐकलं होतंस की नर्सला नाडी मोजायला तसा काटा लागतो. मामा रागावला होता, मी मेहुण्यासाठी आणलं होतं म्हणाला. बाबा तोपर्यंत गेले होते, तेव्हा मेहुणा कुठला, असं तू त्याला सुनावलंस आणि घड्याळ माझ्या हातात ठेवलंस. ते अजून चालतं. आजही मनगटावर आहे.

मग तुझं ते दुखणं. छातीतली गाठ तू दीड वर्ष पदराआड ठेवलीस. घरात नर्स असताना. मला कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, मी तुला काय काय बोलले, आणि तू पोरीसारखी खाली मान घालून ऐकत राहिलीस. ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले, आणि दोन वर्षांनी ते पाठीच्या मणक्यात उतरलं. तू खाली बसून नारळ खोवणं बंद केलंस तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. तू म्हणालीस, विळीची धार गेली. मी विळी धार लावून आणली. धार लावलेली विळी तशीच भिंतीला टेकून राहिली, आणि मी दुकानातून कीस आणायला लागले.

डॉक्टर भला माणूस होता, त्याला मी आजही दोष देत नाही. त्यानं मला एक कागद आखून दिला. शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. रोज सकाळी आईला विचारा, आकडा लिहा, शनिवारी कागद घेऊन या, आणि पाचाच्या वर गेलं की मॉर्फिनच्या गोळ्या सुरू करू. तुम्ही नर्स आहात, म्हणाला, तुमच्याइतकं नीट कोण लिहिणार. तेव्हा मी रोज सकाळी, पोदेर पाव देऊन गेला की, चहा आणि त्यातला एक उंडो घेऊन तुझ्याजवळ यायचे, पेन उघडायचे आणि विचारायचे. आई, किती? तू म्हणायचीस, दोन. कधी तीन. एखाद्या दिवशी, मी फार थकलेली दिसले तर, एक. मी लिहायचे. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की रुग्ण सांगेल तेच खरं, त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. तीन महिने मी शनिवारी तो कागद नेला आणि डॉक्टर तो बघून समाधानानं मान हलवायचा. तू दुपारच्या वेळी गेलीस. बाराव्याला डॉक्टर आला होता. तुमच्या आईंना शेवटी फारसा त्रास झाला नाही, म्हणाला, मी कागद पाहिलेत ना. मी हात जोडून त्याचे आभार मानले.

आता हे हल्लीचं ऐक. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं अभ्यास काढला. वेगवेगळ्या भागांतली, वेगवेगळ्या समाजातली, बरं न होणारं दुखणं घेऊन घरी पडलेली माणसं. त्यांना किती दुखतं, औषध किती मिळतं, काळजी कोण घेतं, आणि पुढे त्यांचं काय होतं. जिथे दुखणं जास्त आणि औषध कमी दिसेल, तिथे आधी घरी येणारी नर्स आणि मॉर्फिनची सोय करायची, असं ठरलेलं. पेडणे आणि डिचोली तालुके माझ्याकडे आले. मी हो म्हटलं तेव्हा मला वाटलं की आता तुझं काहीतरी होईल. तुझं काय व्हायचं होतं, मलाच माहीत. एक टॅब दिला हातात, एक कार्ड दिलं हसऱ्या-रडव्या तोंडांचं, आणि तीन दिवस शिकवलं. प्रश्न लिहिला आहे तसाच वाचायचा. एकदाच वाचायचा. पहिलं उत्तर टिपायचं. आग्रह करायचा नाही. कारणही पटण्यासारखं होतं. प्रत्येकीनं आपापल्या पद्धतीनं विचारलं तर इथली बाई आणि दुसरीकडची बाई एका तराजूत कशी घालायची?

मी सुरुवातीचे फॉर्म तसेच भरले. मांद्र्याला एक बाई होती, मुलानं घराच्या पुढच्या खोल्या पर्यटकांना दिलेल्या, ही मागच्या पडवीत अंथरुणाला खिळलेली. बाहेर गोरे लोक बसलेत म्हणून ती कण्हतसुद्धा नव्हती. तिला मी ती तोंडांची चित्रं दाखवली, तर सगळ्यात शेवटच्या रडव्या तोंडाकडे बघून म्हणाली, असं तोंड करून कोण बसतं गो लोकांसमोर? आणि दुसऱ्या क्रमांकाच्या हसऱ्यावर बोट ठेवलं. खाणीच्या बाजूला सिंधुदुर्गातून आलेली एक बाई, नवरा ट्रकवर, पोटात पाणी झालेलं, तीही म्हणाली कायच नाय. पेडण्यात म्हणतात बरां आसा, डिचोलीत म्हणतात बरें आसा, आणि मी टॅबवर टिपत होते दोन, एक, दोन, तीन. एका दिवशी घरी येऊन ते आकडे वर-खाली सरकवत बसले आणि मला एकदम तुझा कागद दिसला. तोच. तेच दोन, तेच तीन, तेच मधे एक. मी टॅब पालथा घातला.

तेव्हा मला नेवऱ्यांची आठवण झाली, आई. एवढी वर्षं नर्स होते, शेकडो माणसांना विचारलं असेल कुठे दुखतं म्हणून, आणि ही साधी गोष्ट डोक्यात शिरली नव्हती. आम्ही विचारत होतो एकदा. आणि आपली माणसं पहिल्यांदा विचारल्यावर काही घेत नाहीत. नेवरी घेत नाहीत, चहा घेत नाहीत, मग दुखणं तरी कसं पुढे करतील? दुसऱ्या दिवसापासून मी तीनदा विचारायला लागले. पहिल्यांदा टॅबवर होतं तसं. मग टॅब खाली ठेवून. मग पाणी मागून, दोन गोष्टी इकडच्या तिकडच्या बोलून, परत. आणि तिसऱ्याला सात यायचे, आठ यायचे. एका म्हाताऱ्यानं तर आकडा सांगितलाच नाही, नुसता भिंतीकडे वळला आणि त्याची पाठ हलायला लागली. मी दहा लिहिला. टॅबवर जागा एकाच उत्तराची होती, म्हणून मी तिसरंच लिहीत गेले. पहिली दोन कुठे लिहून ठेवावीत एवढीही अक्कल मला सुचली नाही.

आमोण्याची बाई तुझ्याच वयाची होती. म्हणजे तुझ्या तेव्हाच्या. घर नदीच्या अंगाला, सून आणि मुलगा शेत बघणारे. सून चांगली, हातापायाला तेल लावायची, पण मॉर्फिन हा शब्द तिनं ऐकला नव्हता. म्हातारीनं मला दोन सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दोन. मग मी तिची नाडी धरली, नुसती सवयीनं, घड्याळात बघत, आणि म्हटलं, मावशी, खरं किती? ती कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "तीनदां विचारलें तूंवें म्हणून सांगतां, बाय. आठ." सुनेच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. अभ्यासाच्या नियमाप्रमाणे मी एक छापील पत्रक दिलं, मोठ्या इस्पितळात कुठल्या विभागात जायचं ते सुनेला समजावून सांगितलं, आणि निघताना म्हातारीचा हात धरून म्हटलं की मी पुढच्या आठवड्यात येते, मी बघते काय करायचं ते. हे नियमात नव्हतं. हे माझं होतं.

पुढच्या आठवड्यात संस्थेतून फोन आला. आकडे तपासणारी मुलगी, तिशीतली, हुशार आणि फार सभ्य. माझ्या दोन तालुक्यांचे आकडे मध्येच एका तारखेपासून उडी मारून वर गेलेत, म्हणाली, असं का? मी फोनवर टाळलं. ती स्वतः आली, डिचोलीत एका हॉटेलात बसलो. पाव-भाजी मागवली आणि तशीच गार झाली. खोटं बोलता आलं असतं मला. नवे रुग्ण जास्त आजारी होते असं म्हटलं असतं तर तिनं कदाचित मानलंही असतं. पण ती पोर माझ्याकडे असं सरळ बघत होती की मी सगळं सांगितलं, नेवऱ्यांसकट. शेवटी म्हणाली, "ताई, तुम्ही केलंत ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण मला ते मोजता येत नाही." तीनदा विचारलेले सगळे फॉर्म बाद करावे लागतील. उरतील ते सुरुवातीचे, दोन-एक-दोन-तीनवाले. म्हणजे कागदावर आपल्याकडे कोणाला फारसं दुखतच नाही, आणि नर्स आणि औषध आधी जाईल दुसरीकडे, जिथली माणसं पहिल्याच प्रश्नाला ओरडून सांगतात. मी तिला म्हटलं, हे मी माझ्याच हातानं केलं. ती म्हणाली, परत जा, पहिल्यांदा नियमानं विचारा, पहिलं उत्तर वेगळं लिहा, तिसरं वेगळं, मी वर भांडून बघते. कबूल मात्र काही करत नाही, म्हणाली. प्रामाणिक मुलगी आहे, तुला आवडली असती.

मग परत फिरणं सुरू झालं, आणि यादी माझ्याच क्रमानं लावली. आधी पेडणे, कारण जवळ. आमोणे शेवटी. पुढच्या आठवड्यात येते म्हटलं होतं, त्याला सव्वा महिना झाला. मोठ्या इस्पितळातल्या ओळखीच्या नर्सला एक फोन केला असता तरी काही हललं असतं. करते, करते म्हणत राहिले. फॉर्म, आई. फॉर्मच्या नादात.

आज सकाळी गेले. अंगणात पोफळं वाळत घातलेली, सून तीच उलथत होती. मला बघून उठली, पदर नीट केला, पायरीवर बसायला सांगितलं. सासू जाऊन तेरा दिवस झालेत, म्हणाली. मोठ्या इस्पितळात एकदा नेलं होतं, त्यांनी कागद मागितले, ते घरी राहिलेले, परत न्यायचं तर बसवत नव्हतं. मुलगा पत्रक घेऊन एकटाच गेला, त्याला रुग्णाला आणा म्हणाले. त्यात दिवस गेले. शेवटचे दिवस ती म्हातारी रोज विचारायची, ती घड्याळवाली बाय आली काय? सून रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पोफळांकडे बघत म्हणाली, "तुमी आठ बरोवन घेतलें. मागीर कोण आयलो ना." मी लिहून घेतलं होतं, खरंच, आणि नंतर कोणी आलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, च्या घेता? मी म्हटलं, नको. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून आपसूक जातं. आणि ती बरं म्हणाली आणि परत पोफळांकडे वळली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी तिथे पायरीवर थोडा वेळ बसून राहिले, का ते तुला सांगायला नको. मग उठले आणि बसस्टॉपवर आले.

तू तपेल्याच्या तळाला डाव लावून बघितल्याशिवाय तिसऱ्यांदा कधी विचारलं नाहीस. मी पंचवीस-तीस घरांत तिसऱ्यांदा विचारत सुटले आणि माझ्या तपेल्यात काही नव्हतंच. त्या बाईनं आयुष्यभर झाकलेलं माझ्यापुढे उघडं केलं, कारण तिला वाटलं की एवढा आग्रह करते तर वाढणार. बसमध्ये मी तुझ्याशी भांडत होते ते यावरूनच. तूच हे शिकवलंस, तुझ्यामुळेच हे झालं, पहिल्यांदाच सरळ सांगून टाकायला काय धाड भरली होती तुम्हा सगळ्यांना, असं. अस्नोडा येईपर्यंत भांडले. मग भांडण संपलं, कारण मला ते दुसरं आठवलं, आणि ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. त्या सभ्य मुलीलाही नाही. तिला मी म्हटलं होतं की आईच्या वेळी मला हे माहीतच नव्हतं.

तू जायच्या आधीचा तो शुक्रवार. पोदेर येऊन गेला होता. तुझ्या मुठीत चादरीचा कोपरा होता, पिळून पिळून त्याची दोरी झालेली. मी तुझं मनगट धरलं आणि घड्याळात बघितलं. एकशे बारा. कागदावर नाडीला रकाना नव्हता, म्हणून मी ती कुठे लिहिली नाही. विचारलं, आई, किती? दोन, तू म्हणालीस. मी पेन टेकवलं नाही. पुन्हा विचारलं, नीट सांग, किती? तू म्हणालीस, "दोनच गो." आणि माझ्याकडे बघत राहिलीस. चहावर साय धरली तरी तू बघतच होतीस. मला माहीत होतं की पाचाच्या वर आकडा आला तर मॉर्फिन, आणि मॉर्फिन म्हणजे तू चाललीस, हे मला माझ्या तोंडानं म्हणावं लागेल. माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं असं नाही. दुसऱ्याच दिवशी शनिवार होता. मी दोन लिहिला, पेनाचं टोपण लावलं आणि ड्युटीला गेले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, घड्याळाच्या जुन्या डबीत घडी घालून ठेवीन. तू तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत होतीस, हे मला कळलं होतं, आई. आणि मी विचारलं नाही तेव्हा तू काय समजलीस, तेही.